पेन तिच्याच हातात राहू द्या

निबंध म्हटलं की आपल्या पिढीला काय आठवतं? ‘माझा आवडता ऋतू’, ‘मी पंतप्रधान झाले तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’. गाईडमधून पाठ करायचे, परीक्षेत उतरवायचे आणि दहापैकी सात गुण पदरात पाडून घ्यायचे. ‘माझी आई’ या निबंधात तर वर्गातल्या सगळ्यांच्या आया पहाटे पाचला उठून सडा-रांगोळी करायच्या. प्रत्यक्षात कुणाची आई विड्या वळायची, कुणाची दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, कुणाची दुखण्याने अंथरुणाला खिळलेली असायची. निबंधातली आई मात्र सगळ्यांची एकच! मैत्रिणींनो, याला आपण कधी खोटं म्हटलं नाही. निबंध असाच असतो, असं धरून चाललो.

आज हा विषय काढायचं कारण असं की, आपल्याच घरातली मुलं आता शिकायला परदेशी जाण्यासाठी अर्ज करू लागली आहेत. नुसती पुण्या-मुंबईची नाहीत, तर तालुक्याच्या गावातली, एसटीने कॉलेजला जाणारी मुलंसुद्धा. आणि त्या अर्जात एक प्रश्न हमखास असतो. तू कोण आहेस, तुला हेच का शिकायचं आहे, ते तुझ्या शब्दांत लिही. गणितात पैकीच्या पैकी घेणारं पोर इथे येऊन थांबतं. कारण बारा-पंधरा वर्षांच्या शाळा-कॉलेजात ‘तुझ्या शब्दांत’ असं त्याला कुणी मनापासून म्हटलेलंच नसतं.

आमच्या महिला मंडळाची एक छोटीशी अभ्यासिका आहे. गेली सहा-सात वर्षं तिथे येणाऱ्या मुलामुलींचे असे निबंध वाचायला मी बसते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, इंग्रजी माझं कामापुरतं. तरी या अनुभवातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. मुलांना निबंध लिहून देणारं माणूस नको असतं, वाचणारं हवं असतं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी हे निबंध असतात कसे, ते थोडक्यात सांगते. आपल्याला ठाऊक असलेलं बरं. अमेरिकेत बारावीनंतर जायचं तर ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा एकच अर्ज हजाराहून अधिक कॉलेजांना चालतो. त्यातला मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाची पद्धत निराळी. तिथे आठ प्रश्न देतात, त्यांतले चार निवडायचे आणि प्रत्येकाचं उत्तर जास्तीत जास्त ३५० शब्दांत लिहायचं. या दोन्हींत मुख्यतः माणूस कसा आहे ते बघतात. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज ‘यूकास’ या संस्थेमार्फत जातात. तिथे पूर्वी एकसंध निवेदन लिहावं लागायचं. २०२६ च्या प्रवेशांपासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत. हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने तुझी काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर तू काय केलंस. तिन्ही मिळून चार हजार अक्षरांची मर्यादा. म्हणजे तिथे भर विषयावर. आणि एम.एस. किंवा एम.ए.साठी लिहितात ते ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, ज्याला मुलं एसओपी म्हणतात. त्यात हाच अभ्यासक्रम का, याआधी काय काम केलंस आणि पुढे काय करणार, एवढं नेमकं सांगायचं असतं. एकाच निबंधाला सगळीकडे पाठवणं म्हणजे लग्नाला आणि दहाव्याला एकच साडी नेसून जाण्यासारखं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय करायचंय? पण तसं राहिलेलं नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, केंद्र सरकारचीही आहे. पण त्या शिष्यवृत्तीचं दार उघडायला आधी परदेशी विद्यापीठाने दिलेलं प्रवेशाचं पत्र लागतं. आणि त्या पत्राच्या वाटेवर हा दीड-दोन पानी निबंध उभा असतो. गुण आहेत, शिष्यवृत्ती आहे, आणि पोर अडलंय ते निबंधावर! अशा वेळी त्याच्या बाजूला कोण बसतं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

मोठ्या शहरात यासाठी सल्लागार असतात, भरपूर पैसे घेऊन अख्खा निबंध लिहून देणारेही असतात. आमच्याकडच्या मुलांना ते परवडत नाही. मग ती मोठ्या भावाच्या मित्राचा निबंध मिळवतात आणि नावगाव बदलतात. नाहीतर मोबाईलला सांगतात. तो मिनिटभरात गुळगुळीत इंग्रजीत निबंध काढून देतो. आयाही खूश होतात, ‘बाई, काय सुंदर लिहिलंय!’

पण त्या सुंदर लिहिण्याचं काय होतं, याचा एक गमतीचा दाखला आहे. २००७ मध्ये यूकासने हजारो अर्जांतली निवेदनं संगणकाकडून एकमेकांशी ताडून पाहिली. तेव्हा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या तब्बल २३४ मुलांनी एकच आठवण लिहिलेली सापडली. वयाच्या आठव्या वर्षी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली म्हणे! २३४ मुलांचा पायजमा एकाच जागी जळला. हसू येतं ना? पण ही आपल्या ‘माझी आई’चीच धाकटी बहीण आहे. फरक एवढाच की तिथे गुण कापत नाहीत, थेट अर्जच अडचणीत येतो. कॉमन अ‍ॅपने तर २०२३ पासून दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून देण्याबरोबरच कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मजकूर लिहवून घेऊन तो आपला म्हणून देणंही फसवणुकीत धरलं आहे.

मग घरच्यांनी काय करायचं? इथे मला आपल्या आनंदीबाई जोशींची आठवण होते. त्यांचं शिक्षण म्हटलं की गोपाळरावांचं नाव आधी येतं, आणि ते खोटंही नाही. गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकी मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला, तो तिकडच्या मासिकात छापून आला, न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या नजरेस पडला. त्यातूनच आनंदीबाईंना परक्या मुलखात मायेचं घर मिळालं. पण जून १८८३ मध्ये, अमेरिकेत पोहोचून महिनाही झाला नव्हता, तेव्हा फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी जे पत्र गेलं, ते आनंदीबाईंचं होतं. गोपाळराव तेव्हा हजारो मैलांवर हिंदुस्थानात होते. पत्र लिहिणारी अवघी अठरा वर्षांची होती.

ते पत्र आजही फिलाडेल्फियात जपून ठेवलेलं आहे. त्यात काय आहे? तुमच्या प्रवेशाच्या सगळ्या अटी मी कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे ती आधीच सांगून टाकते. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, तो निर्धार जमेस धरा, असं म्हणते. आणि का शिकायचंय ते सांगते. माझ्या देशातल्या बायका मरण पत्करतात, पण पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेत नाहीत. बस्स! ‘मला लहानपणापासून वैद्यकाची आवड आहे’ वगैरे काही नाही. हे पत्र दुसऱ्या कुणाच्या नावावर खपलं असतं का? नाही. तिला तिथे प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. शेजारी मायेची माणसं जरूर असावीत, पण पत्रात ‘मी’ म्हणणारी ती स्वतःच असावी, हे मला या पत्राने शिकवलं.

हा ‘मी’ आपल्या मुलींना फार जड जातो. मुलगे निदान ‘मी संघाचा कर्णधार होतो’ असं तरी लिहितात. मुलींचा पहिला मसुदा उघडा, त्यात ‘मला वडिलांनी शिकू दिलं’, ‘मला काकांनी कॉलेजला पाठवलं’, ‘सरांनी मला संधी दिली’. सगळी वाक्यं दुसऱ्याच्या परवानगीची! स्वतःची टिमकी वाजवू नये, ही आपली शिकवण. चांगली आहे. पण केलेलं काम केलं म्हणून सांगणं ही टिमकी नव्हे. जमाखर्चात जमेची बाजू कोरी ठेवणं याला नम्रता म्हणत नाहीत, हिशेबातली चूक म्हणतात.

एका मुलीचं सांगते. अर्थशास्त्रात बी.ए. झालेली, वडील ती शाळेत असतानाच गेलेले, कर्जापायी. आईचं शेत वाट्याने दिलेलं आणि आई बचत गटात. परदेशात एम.ए.साठी अर्ज करायचा होता. तिचा पहिला मसुदा म्हणजे ‘अर्थशास्त्र हा माझा लहानपणापासूनचा ध्यास आहे’ इथून सुरू होऊन ‘मी देशाची सेवा करीन’ इथे संपलेला. इंग्रजी बिनचूक होतं. पण ती त्यात कुठे दिसत नव्हती.

तो मसुदा एका शिकलेल्या गृहस्थांनी वाचला आणि सल्ला दिला, ‘वडिलांचं लिही. आत्महत्येचं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, की काम झालं.’ मुलगी माझ्याकडे आली ती गप्पच. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘काकू, बाबांचं लिहिलंच पाहिजे का?’

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाने माझ्या पोटात कालवलं. दुःख हे काय बाजारात मांडायची वस्तू आहे? सांगावंसं वाटलं तर सांगावं, तो तिचा हक्क. पण प्रवेशासाठी मागितलं म्हणून द्यायचं, हा कुठला न्याय? मी म्हटलं, ‘अगं, बाबा तुझे आहेत. त्यांच्याबद्दल काय सांगायचं आणि काय नाही, ते तू ठरव. मला फक्त एवढं सांग, हा अर्थशास्त्राचा ध्यास तुला नेमका कुठे लागला?’

ती मराठीत बोलायला लागली. दहावीनंतर आईच्या बचत गटाची वही ती लिहायची. गटातल्या एका बाईने बाहेरून दहा हजारांचं कर्ज काढलं होतं. व्याज सांगितलं बारा टक्के. गटात तर महिना दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस. बाईला वाटलं, बाहेरचं निम्म्याने स्वस्त पडलं. या मुलीने वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. हप्त्याहप्त्याने मुद्दल फिटत होतं, पण व्याज मात्र वर्षभर पुऱ्या दहा हजारांवर धरलेलं. बाराशे रुपये. म्हणजे हातात खरोखर उरलेल्या रकमेवर ते व्याज एकवीस टक्क्यांच्याही पुढे जात होतं! तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत तक्ता काढला आणि बैठकीत बायकांना समजावला. तेव्हापासून गटातली कुठलीही बाई कर्ज घेताना आधी विचारते, ‘व्याज कशावर धरणार? पुऱ्या रकमेवर की उरलेल्या?’

मी म्हटलं, ‘आता जे बोललीस ना, ते लिही.’ ती म्हणाली, ‘हे? यात काय विशेष?’

हेच तर आहे सगळं! जे विशेष असतं, ते आपल्याला रोजचं वाटतं. ते बाहेरून बघणाऱ्यालाच दिसतं. म्हणून वाचणारं माणूस लागतं. पुढचे तीन आठवडे ती लिहीत होती आणि मी विचारत होते. वडिलांचा उल्लेख शेवटी एका वाक्यात आला, तोही तिने स्वतः ठरवून. कर्जाच्या कागदावरचे आकडे घरातल्या कुणालाच वाचता येत नव्हते, एवढंच. दोन विद्यापीठांनी नकार दिला, एकाने होकार. पण निबंध पाठवला त्या रात्री ती म्हणाली, ‘काकू, मी एवढं काय काय केलंय, हे मलाच माहीत नव्हतं.’ प्रवेश कुठेच मिळाला नसता, तरी हे वाक्य तिला कामाला आलं असतं.

यातून आमच्या अभ्यासिकेत एक रीत पडली आहे. कुणालाही घरी करता येईल अशी आहे, म्हणून सांगते.

पहिल्या दिवशी लिहायचंच नाही, बोलायचं. मराठीत, नाहीतर घरी जी बोली असेल तिच्यात. पोर बोलत असताना मोबाईलवर ते रेकॉर्ड करून ठेवायचं. आपण प्रश्न विचारायचे ते छोटे. ‘कधी?’ ‘मग तू काय केलंस?’ ‘तेव्हा काय वाटलं?’ ‘दुसरं कुणी असतं तर त्याने काय केलं असतं?’

मग मुलाने कच्चं लिहायचं आणि आपण हातात फक्त पेन्सिल घ्यायची. तीनच खुणा करायच्या. जिथे चित्र डोळ्यांसमोर आलं तिथे बरोबरची खूण. जिथे कंटाळा आला तिथे आडवी रेघ. जिथे समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. आपलं वाक्य सुचवायचं नाही, कितीही झकास सुचलं तरी! भाजीची चव बघायला बोलावलं, तर मीठ कमी आहे एवढं सांगावं. डाव हातात घेऊन भाजीच आपल्या चवीची करू नये.

मसुदा तयार झाला की नाव झाकून वाचायचा. हाच निबंध शेजारच्या मुलाच्या नावावर खपेल का? खपत असेल, तर अजून काम बाकी आहे.

इंग्रजीचं व्याकरण सगळ्यात शेवटी. त्यासाठी एखाद्या निवृत्त शिक्षकांना किंवा शिक्षिकांना विनंती करावी. त्यांनाही आधीच सांगावं, ‘चुका दुरुस्त करा, पण वाक्यं तिचीच राहू द्या.’ आणि वाचणारे तीनच पुरे. दहा जणांना दाखवलं की दहा जण दहा दिशांना ओढतात आणि शेवटी निबंधाची गोधडी होते, तीही दुसऱ्यांच्या चिंध्यांची.

‘आमचं इंग्रजी कच्चं, आम्ही काय वाचणार?’ असं मला आया नेहमी विचारतात. अहो, मुलांनी लिहिलेलं मराठीत सांगायला लावा ना! पोर कुठे थापा मारतंय आणि कुठे खरं बोलतंय, हे आईइतकं कुणाला कळतं? पाचवीत असताना त्याने रेडिओ उघडून पुन्हा जोडला होता, मुलीने आजोबांच्या गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवल्या होत्या, हे तुम्हालाच आठवतं. कुठल्याही सल्लागाराकडे ही शिदोरी नसते.

बापमाणसांनाही एक विनवणी. निबंधात काय लिहावं यापेक्षा लोक काय म्हणतील याची काळजी तुम्ही जास्त करता. ‘बचत गटाचं कशाला, घरचं दारिद्र्य दिसेल’, ‘नापास झाल्याचं कशाला, नाव खराब होईल’. एकजण रडवायला सांगतो, दुसरा झाकायला सांगतो. दोघांनाही लेकराचं म्हणणं ऐकायचं नसतं.

ही पद्धत फार न्यायाची आहे, असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या हार्वर्डसारख्या नामांकित विद्यापीठांनी १९२० च्या दशकात गुणांपलीकडचं, घरादाराचं आणि धर्माचं विचारायला सुरुवात केली, ती गुणांवर येणाऱ्या ज्यू मुलांची संख्या कमी करण्यासाठी, हा इतिहास आहे. आजही ज्याच्या घरी पुस्तकं आणि पैसा, त्याला हा निबंध सोपा जातो. गुण नसतील तर नुसत्या निबंधाने तरून जाता येत नाही, हेही खरं. पण दार असंच असेल, तर आपल्या लेकरांनी ते दुसऱ्याचा मुखवटा घालून का ठोठवायचं? आणि उसन्या शब्दांनी आत गेलेलं पोर तिथे पहिल्याच वर्गात बोलायची वेळ आली की काय करणार?

आपल्या मातीत हे नवं नाही. जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो आज पावणेदोनशे वर्षं होत आली तरी वाचला जातो, कारण तिने स्वतः पाहिलेलं आणि सोसलेलं तिला हवं तसं सांगितलं. गाईडमधलं लिहिलं असतं, तर कुणाला आठवला असता?

तेव्हा महिला मंडळांनी, वाचनालयांनी, निवृत्त शिक्षिकांनी एवढं मनावर घ्यावं. हळदी-कुंकवाला आपण जमतोच, भिशीला जमतोच. आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज करणाऱ्या मुलांसाठी ठेवा. एक सतरंजी, एक पेन्सिल आणि ऐकायला दोन कान, बाकी खर्च काही नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ कॉलेजांच्या मुदती जानेवारीच्या सुरुवातीला संपतात, त्यामुळे दिवाळीच्या आधीच बसायला लागलेलं बरं. मुलीने कागद पुढे केला की चष्मा लावा, पेन्सिल घ्या आणि आधी एवढंच विचारा, ‘यात तू कुठे आहेस गं?’ पुढचं ती लिहील.